जाताना दहा तास, येताना नऊ तास

प्रश्न : मुलगा लंडनला शिकतो. हिवाळ्यातल्या त्याच्या तिकिटावर मुंबईहून दुपारी १ वाजता निघून संध्याकाळी ५.३० ला लंडन, असं छापलं होतं. परतीच्या तिकिटावर रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला मुंबई. म्हणजे जाताना साडेचार तास आणि येताना साडेचौदा? पृथ्वी फिरते म्हणून असं होतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. ते जमेस धरलं, की जाण्याचे दहा तास होतात आणि येण्याचे नऊ. उरतो एक तासाचा फरक, आणि तो मात्र खरा आहे.

विमानाखालून पृथ्वी सरकते म्हणून हा फरक पडत नाही. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं. धावत्या रेल्वेत वर उडवलेला चेंडू पुन्हा हातातच पडतो, तसंच हे. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. प्रवासी विमानं जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जातात. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना ‘जेट स्ट्रीम’ म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. विषुववृत्ताकडची हवा उष्ण आणि ध्रुवाकडची थंड, म्हणून उंचावरची हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेला वळते. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा यात हात आहे, पण तो वाऱ्यामार्फत.

आता हिशेब करून पाहू. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा सरासरी फक्त ५० किलोमीटरचा धरा. समोरून वारा असेल तर हे अंतर कापायला साधारण साडेआठ तास लागतात, पाठीमागून असेल तर सात तास पस्तीस मिनिटं. जवळजवळ तासाचा फरक इथेच पडला. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं आणि वळसे घेणं यांचा वेळ दोन्हीकडे वाढतो.

वारा साथीला असेल तर लांबचा रस्ताही लवकर संपतो. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झालं, तरी प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा जवळपास दोन तास आधी संपला. पश्चिमेकडून घोंघावणारं ‘कियारा’ वादळ पाठीशी होतं, म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं.

तेव्हा दूरच्या दोन शहरांमधल्या प्रवासाची वेळ फक्त किलोमीटरवरून काढू नका, दिशाही पाहा. आणि मुलाला आणायला विमानतळावर जायचं असेल, तर एक लक्षात ठेवा : मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनचं घड्याळ आपल्यामागे साडेचारच तास असतं.