गुदद्वाराविना जन्मलेले मूल : शस्त्रक्रियेनंतर पुढे काय?

दुसरीत शिकणाऱ्या एका मुलाला घेऊन आईवडील दवाखान्यात आले होते. तक्रार अशी की, चड्डीला सारखी शी लागते. वर्गातली मुले नाक धरतात, बाई त्याला मागच्या बाकावर एकट्याला बसवतात, आणि पंधरा दिवसांपासून त्याने शाळेचे नावच टाकले आहे. "जुलाब थांबत नाहीत, म्हणून भाज्या, फळं बंद केली. शी पातळ होण्याचं औषध चालू होतं, तेही बंद केलं," आई सांगत होती. पोट तपासले तर डाव्या बाजूला मळाचे कडक गोळे हाताला लागत होते. मुलाला जुलाब नव्हतेच. त्याला होता तो बद्धकोष्ठ!

या मुलाला जन्मतः गुदद्वार नव्हते. सुमारे पाच हजार बालकांत एकाला हा दोष असतो. गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच तो घडतो. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून असे झाले, हे अजूनही ऐकायला मिळते आणि त्या बिचारीला जन्मभर बोल लावला जातो. त्यात काडीचेही तथ्य नाही. मुलींमध्ये पुष्कळदा योनिमार्गाच्या तोंडाशी लहानसे छिद्र असते व तेथून शी होते. त्यामुळे दोष महिनोन्महिने कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून बाळ जन्मताच शौचाची जागा योग्य ठिकाणी आहे ना, हे पाहिलेच पाहिजे.

बहुतेक मुलांवर टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया होते. प्रथम पोटावर शौचासाठी तात्पुरते तोंड, मग योग्य जागी नवे गुदद्वार, आणि शेवटी पोटावरचे तोंड बंद. आज जी पद्धत सर्वत्र वापरतात ती डॉ. अल्बर्टो पेन्या व डॉ. पीटर डी व्रीस यांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. नवे गुदद्वार आकसू नये म्हणून काही महिने घरी ते सळईने रुंद करावे लागते. हे आईवडिलांच्या जिवावर येते, पण टाळल्यास पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते.

एवढे झाले की घरच्यांना वाटते, सुटलो. खरे तर पुढचा भाग येथून सुरू होतो.

शौचावर ताबा राहण्यासाठी तीन गोष्टी लागतात : मळ आल्याची जाणीव, तो धरून ठेवणारे स्नायू आणि आतड्याची योग्य हालचाल. शस्त्रक्रियेने जागा तयार होते. जन्मतः कमी असलेले स्नायू वा मज्जातंतू तयार होत नाहीत. माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी नीट वाढले असेल तर ताबा येण्याची आशा चांगली असते. ते अपुरे असेल तर तेथील मज्जातंतूही बहुधा अपुरे असतात. स्थूलमानाने चारांपैकी तीन मुलांना तीन वर्षांनंतर आपणहून शौचाला जाता येते. मात्र त्यांतल्याही अनेकांचे कपडे अधूनमधून खराब होतात.

आता त्या मुलाकडे वळू. या मुलांचे मलाशय बरेचदा ताणलेले व सुस्त असते. मळ साचतो, कडक होतो आणि तुंबलेल्या मोरीवरून पाणी वाहावे तसा पातळ मळ बाजूने झिरपत राहतो. पालकांना ते जुलाब वाटतात. औषध बंद होते, मळ आणखी साचतो. अशा मुलाचे आतडे आधी पूर्ण रिकामे करून मग रोज नियमित रेचक द्यावे लागते, तेही पुष्कळ वर्षे. "सवय लागेल" या भीतीने ते सोडणे म्हणजे पुन्हा पहिले पाढे.

पण ज्या मुलाला ताबा येणेच शक्य नाही, त्याला रेचक दिले तर दिवसभर गळतीच सुरू राहील. त्याच्यासाठी उपाय वेगळा. रोज ठरलेल्या वेळी एनिमा द्यायचा, पाऊण तास संडासात बसवायचे. मोठे आतडे स्वच्छ झाले की पुढचे चोवीस तास मूल कोरडे राहते. पाण्याचे व मिठाचे प्रमाण बालशल्यचिकित्सकाकडूनच ठरवून घ्यावे. दुकानात मिळणारा फॉस्फेटचा एनिमा लहान मुलांना मनाने मुळीच देऊ नये. त्याने रक्तातील क्षार बिघडून जिवाला धोका होतो.

मूल दहा-बारा वर्षांचे झाले की आईने एनिमा देणे त्याला नकोसे होते, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडमधील डॉ. मलोन यांनी १९९० मध्ये यावर युक्ती सांगितली. आंत्रपुच्छाचे टोक बेंबीपाशी आणायचे आणि तेथून बारीक नळीने पाणी सोडायचे. मूल स्वतः संडासात बसून हे करू शकते, कोणाची मदत लागत नाही.

जवळजवळ निम्म्या मुलांत आणखी एखादा दोष आढळतो, विशेषतः मूत्रपिंडाचा. म्हणून शौचाची तक्रार नसली तरी सोनोग्राफी, लघवीची तपासणी व रक्तदाब यांत खंड पडू देऊ नये. मुलींची पाळी सुरू होण्याच्या सुमारास स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. पुढे गरोदरपणी प्रसूती कशी करायची हे आधीच ठरवावे लागते. या मुली व मुलगे मोठे होऊन नोकरी करतात, संसार करतात, त्यांना मुलेबाळे होतात. घरात ही गोष्ट लपवून ठेवली की मुलाला आपल्यात काही पाप असल्यासारखे वाटू लागते.

त्या मुलाला आठवडाभर एनिमा देऊन पोट साफ केले आणि रेचक पुन्हा सुरू केले. मुख्याध्यापकांना एक चिठ्ठी दिली : न विचारता संडासला जाऊ द्यावे, कपड्यांचा एक जोड शाळेत ठेवू द्यावा आणि त्याला पुन्हा मित्रांशेजारी बसवावे. दोन महिन्यांनी आई औषधाची चिठ्ठी न्यायला एकटीच आली. मुलगा कुठे म्हणून विचारले, तर म्हणाली, "त्याची चाचणी परीक्षा आहे, शाळा बुडवायला तयार नाही."