दांडी न्यूट्रलला, पंखा गिअरमध्ये

बोटीला ब्रेक नसतो. पुढे जाणारी बोट थांबवायची तर गिअर न्यूट्रलला आणून तिला आपोआप मंदावू द्यायचं, नाहीतर रिव्हर्स टाकून पंखा उलटा फिरवायचा. हे दोन्ही उपाय एकाच केबलच्या भरवशावर असतात. म्हणून बंद पडलेल्या इंजिनापेक्षा गिअरमध्ये अडकलेलं इंजिन मला जास्त भीतिदायक वाटतं. बंद पडलेली बोट वाहत जाते, अडकलेली बोट अंगावर येते.

मी बेज्जूरचा. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतो, २०१६ पासून कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन झालेली प्राणहिता आमच्या बाजूने वाहते, पलीकडे गडचिरोली. लहानपणापासून नावा पाहिल्या, पण स्टर्नड्राइव्ह म्हणजे काय ते कळलं पोटापाण्यासाठी रायगडच्या किनाऱ्यावर गेल्यावर. त्यात इंजिन बोटीच्या आत, गाडीच्या इंजिनासारखं आडवं बसवलेलं असतं आणि गिअर व पंखा असलेला पाय मागच्या फळीबाहेर पाण्यात लोंबतो. मेकॅनिक त्याला सरळ ‘लेग’ म्हणतात. सुकाणू वेगळं नसतं. लेगच डावीउजवीकडे वळतो आणि पंख्याचा रेटा बोटीला वळवतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

प्रसंग मांडव्याच्या बाजूचा, पावसाळ्यानंतरचा. मालकाने बोट चार महिने ताडपत्रीखाली ठेवली होती. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं म्हणून सगळे खूश. चाचणीसाठी तांडेल, मी आणि एक खलाशी बाहेर पडलो. परत येताना धक्का जवळ आला तशी तांडेलांनी दांडी न्यूट्रलला आणली. इंजिनाचा आवाज उतरला, पण बोट पुढे सरकतच राहिली. त्यांनी दांडी मागे ओढली, ती अर्ध्यावर जड झाली आणि मग एकदम सैल पडली. धक्क्यावरून लोक ओरडायला लागले, ‘बंद कर, बंद कर!’ तांडेल शांतपणे म्हणाले, ‘आधी तोंड फिरवू दे.’ चाक पूर्ण वळवून त्यांनी बोट मोकळ्या पाण्याकडे काढली आणि मगच किल-स्विचची दोरी ओढली. खलाशाने नांगर टाकला.

तेच बरोबर होतं. इंजिन बंद केलं की पंख्याचा रेटा जातो, आणि रेटा गेला की वळवण्याची ताकदही जवळजवळ जाते. धक्का समोर असताना घाबरून किल्ली फिरवली असती, तर बोट होती त्या वेगात सरळ दगडावर गेली असती. जागा असेल तर आधी वळवा, मग बंद करा. अपवाद एकच: आसपास कुणी पाण्यात असेल तर क्षणही न दवडता इंजिन बंद.

नंतर उघडल्यावर जे दिसलं ते नेहमीचंच. दांडीपासून इंजिनावरच्या शिफ्ट प्लेटपर्यंत एक केबल येते. तिथून दुसरी, खालची केबल मागच्या फळीतून रबरी बेलोजमध्ये शिरून लेगकडे जाते. सायकलच्या ब्रेकची तार पावसात पडून राहिली की कशी आतल्या आत धरते, तसंच या केबलचं होतं. बाहेरचं आवरण तडकतं, खारं पाणी शिरतं, आतली तार गंजून फुगते. बोट वापरात असते तोवर ती थोडीफार हलत राहते. चार महिने उभी राहिली की धरून बसते.

तपासायची रीत साधी आहे, घाई मात्र नको. इंजिन बंद, किल्ली काढून स्वतःच्या खिशात. पेट्रोलचं इंजिन असेल तर झाकण उघडून आधी वाफ जाऊ द्या. शिफ्ट प्लेटवरून दांडीकडची केबल सोडवा आणि दांडी हलवा. ती जड असेल तर दोष दांडीत किंवा वरच्या केबलमध्ये. ती मोकळी असेल तर खालच्या केबलचं टोक हाताने हलवून बघा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने पंखा हाताने थोडा मागेपुढे फिरवावा. गिअर जोडणाऱ्या डॉग क्लचचे दात एकमेकांत गुंतलेले असतात आणि ताण असेपर्यंत सुटत नाहीत. पंखा जरासा हलला की पुष्कळदा टक् आवाज होऊन सुटतात. पंखा दोन्ही बाजूंना मोकळा फिरला म्हणजे खरं न्यूट्रल. दांडी काय सांगते त्याला अर्थ नाही. पक्कड लावून, हातोडी मारून दांडी ओढणारे मी पाहिले आहेत. त्याने गिअर सुटत नाही, शिफ्टची जोडणी मात्र तुटते.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. इंजिन फक्त न्यूट्रललाच सुरू व्हावं म्हणून एक स्विच असतो, पण बहुतेक बोटींत तो दांडीपाशी असतो. त्याला दांडीची जागा कळते, गिअरची नाही. केबल तुटली की दांडी न्यूट्रलला, गिअर फॉरवर्डला, आणि इंजिन खुशाल सुरू होतं. बोट उडी मारते आणि उभा माणूस पाण्यात, तोही पंख्याजवळ. म्हणून गिअरची शंका असेल तर इंजिन सुरू करण्याआधी सगळे खाली बसलेले हवेत आणि तोंड मोकळ्या पाण्याकडे हवं. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या बोटीला दोरी देऊन ओढून घ्या. लाज वाटायचं कारण नाही.

केबल तुटायच्या आधी ती सूचना देते. डॉग क्लचच्या अनेक बोटींत गिअर काढताना इंजिनाचा स्पार्क क्षणभर तोडणारा स्विच असतो, दातांवरचा ताण सुटावा म्हणून. केबल जड झाली की हा स्विच दाबलेलाच राहतो आणि गिअर काढताना इंजिन बंद पडतं. मग कुणीतरी शहाणा रेस वाढवून देतो. इंजिन बंद पडायचं थांबतं, मालक खूश, आणि वाढलेल्या रेसमुळे दात आणखी घट्ट धरून राहतात. या धंद्यात यापेक्षा वाईट दुरुस्ती मी पाहिलेली नाही. गिअर काढताना इंजिन बंद पडत असेल तर आधी केबल बघा, रेसला हात लावू नका.

केबल बदलताना बेलोजही बदला. फाटक्या बेलोजमधून पाणी थेट बोटीत येतं आणि उभ्या बोटी त्यामुळे बुडतात. लेग उतरवायचा असेल तर त्या मॉडेलचं पुस्तक बघा: मर्क्रूझर अल्फा फॉरवर्डला ठेवून उतरवतात, ब्राव्हो न्यूट्रलला. ब्राव्हो आणि व्होल्वो पेंटामध्ये दातांऐवजी कोन क्लच असतो, लेगच्या वरच्या भागात. केबल ठीक असून तो सुटत नसेल तर ते किनाऱ्यावर बसून करायचं काम नव्हे, वर्कशॉपला द्या. गिअर ऑइल दरवर्षी काढून बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, चमकणारा चुरा असेल तर दात झिजलेत.

दुरुस्तीनंतरची चाचणी प्रवासी बोटींच्या वाटेत घेऊ नका. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची बोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर आदळली आणि १५ माणसं गेली. इंजिनात बिघाड होऊन ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. तिथे गिअर अडकला होता असं मी म्हणत नाही. पण चाचणी म्हणजे बिघाड होऊ शकतो हे धरूनच करायचं काम, आणि ते रिकाम्या पाण्यातच व्हायला हवं.

आमच्या नदीवर स्टर्नड्राइव्हचं फारसं काम नाही. उन्हाळ्यात रेतीच जास्त, ती पाण्याच्या पंपाचं रबर खाऊन टाकते. तरी इंजिनाची कुठलीही नाव वाहत्या पाण्यात फॉरवर्डला अडकली, तर तोंड धारेच्या उलट करा आणि इंजिन मंद ठेवा. धार आणि पंखा एकमेकांना तोलतात, नाव जवळजवळ जागेवर राहते, तेवढ्यात नांगर टाकून इंजिन बंद करता येतं. धारेबरोबर जाताना हे जमत नाही; तिथे दोन्ही वेगांची बेरीज होते.

आपल्या भागातल्या ज्या पोरांना मालवण, गोव्याकडे वॉटर स्पोर्ट्सच्या बोटीवर काम मिळेल, त्यांना एवढंच सांगतो. पहिल्या दिवशी मालकाला पगाराआधी विचारा, खालची केबल आणि बेलोज शेवटचे कधी बदलले. उत्तर मिळालं नाही तर स्वतः पंखा फिरवून बघितल्याशिवाय त्या बोटीत पर्यटक बसवू नका.