हिरवा ठिपका खरा की मुलगी खरी? – दोन उत्तरांचा एक पाठ



आजचा पाठ कुठल्याही पुस्तकात नाही. तो आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरमधून आणि पाचवीच्या मुलांच्या वहीतून तयार झाला. त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीने झाली, म्हणून आधी ती चूक सांगते.

प्रसंग

आमची शाळा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात आहे. मोबाइलची रेंज ओट्यावर येते आणि वर्गात शिरलं की जाते. त्यामुळे शाळेला फायबरचं नेट आलं तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला! आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यात नेटवर्कचं काम करतो. त्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम बसवून दिला. अशा प्रोग्रॅमला ‘मॉनिटरिंग एजंट’ म्हणतात. आपण त्याला राखणदार म्हणू. हा राखणदार दर मिनिटाला नेट आहे का ते पाहतो आणि नोंद ठेवतो. नेट असलं तर हिरवा ठिपका, नसलं तर लाल.

एके दिवशी टॅबवर शिष्यवृत्तीची सराव चाचणी होती. टॅब सात आणि मुलं एकवीस, म्हणून पाळ्या लावल्या होत्या. तिसऱ्या पाळीत एक मुलगी म्हणाली, “बाई, उघडत नाही. नुसतं गोल गोल फिरतंय.” मी ऑफिसात जाऊन पाहिलं, तर ठिपका हिरवा. शेजारच्या मुलांच्या टॅबवर चाचणी चालू होती. मी तिला म्हटलं, “नेट चालू आहे. तूच काहीतरी भलतं दाबलं असशील.” तिच्या नावापुढे मी ‘चाचणी दिली नाही’ असं लिहिलं. ती काही बोलली नाही. खाली मान घालून बसली.

दुसऱ्या दिवशी आणखी तिघांच्या टॅबवर तेच झालं. ठिपका मात्र हिरवाच! नेट देणाऱ्या कंपनीला फोन केला, तर तिथून उत्तर आलं, “मॅडम, आमच्याकडे तुमची लाइन चालू दिसतेय.”

म्हणजे साक्षीदार झाले तीन. राखणदार म्हणतो नेट आहे, कंपनी म्हणते आहे, मुलं म्हणतात नाही. आदल्या दिवशी मी यंत्राचं ऐकलं होतं आणि मुलीचं ऐकलं नव्हतं. आता मात्र शोध घ्यायचं ठरवलं, आणि तोही मुलांनाच बरोबर घेऊन.

काय शिकायचं?

दोन मोजमापं वेगवेगळी आली की आपण लगेच “यातलं खोटं कोणतं?” असं विचारतो. त्याआधी चार प्रश्न विचारायला मुलांना शिकवायचं आहे. ते मी फळ्यावर लिहिले:

१. केव्हा पाहिलं?
२. कुठून पाहिलं?
३. नेमकं काय पाहिलं?
४. किती वेळा पाहिलं?

साहित्य फार लागत नाही: एक वही, भिंतीवरचं घड्याळ आणि खडू.

पहिला प्रश्न: केव्हा पाहिलं?

मुलांनी आठवडाभर नोंदी ठेवल्या. वेळ, टॅबचा नंबर, बसायची जागा आणि काय झालं, असे चार रकाने पाडले. आठवड्याने ती वही राखणदाराच्या नोंदीशेजारी ठेवली, तर काहीच जुळेना.

उलगडा झाला तो लाइट गेल्यामुळे. मुलांनी वहीत ‘११:१० लाइट गेली’ असं लिहिलं होतं. लाइट गेली की ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडतो आणि राखणदाराच्या नोंदीत खंड पडतो. तो खंड दिसत होता १०:३५ ला! मोबाइलवर वेळ पाहिली. भिंतीवरचं घड्याळ बरोबर होतं, कॉम्प्युटरचं घड्याळ ३५ मिनिटं मागे होतं. कॉम्प्युटर बंद असताना त्याचं घड्याळ चालू ठेवणारी एक बटणासारखी छोटी बॅटरी आत असते. ती संपत आली होती.

मुलांनी राखणदाराच्या प्रत्येक वेळेत ३५ मिनिटं मिळवली. वेळेच्या बेरजेचा इतका मन लावून केलेला सराव मी क्वचितच पाहिला असेल. पण वेळा जुळवल्यावरही प्रश्न उरलाच. ज्या मिनिटाला टॅबवर पान उघडत नव्हतं, त्याच मिनिटाला राखणदाराकडे हिरवी नोंद होती. मात्र आता भांडण खरं आहे एवढं तरी नक्की झालं.

दुसरा प्रश्न: कुठून पाहिलं?

फळ्यावर एक रस्ता काढला: टॅब – वायफाय – राउटर – फायबर – कंपनी – बाहेरचं जग. मग मुलांना विचारलं, कोण कुठे उभं राहून बघतंय?

कंपनीला दिसतं ते आपल्या डब्यापर्यंत येणाऱ्या फायबरचं. त्यापुढे वर्गात काय चाललंय ते तिला दिसत नाही. राखणदार ऑफिसात आहे आणि वायरने जोडलेला आहे, त्यामुळे तो वायफायच्या वाटेला जातच नाही. वायफायवर आहेत ती फक्त मुलं. म्हणजे संशय वायफायवर.

संशय आला की तपासायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही तोच टॅब घेऊन थेट राउटरशेजारी उभे राहिलो. रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या, तरी पान उघडेना. वायफाय निर्दोष सुटलं.

तिसरा प्रश्न: नेमकं काय पाहिलं?

इथे त्या माजी विद्यार्थ्याला फोन लावला. राखणदार दर मिनिटाला करतो काय? तर ‘पिंग’. पिंग म्हणजे हाळी. आपल्याकडे ओढ्याच्या अलीकडून पलीकडच्या वाडीला “ओऽऽ” अशी हाळी देतात आणि तिकडून “ओऽऽ” आली की माणूस आहे असं समजतात, तसंच हे. तिकडून उत्तर आलं एवढंच त्यातून कळतं. पलीकडचा माणूस आपलं काम करून देईल का, ते कळत नाही.

शिवाय राखणदार हाळी देत होता ती एका आकडी पत्त्याला. नेटवर प्रत्येक ठिकाणाला असा आकडी पत्ता असतो. आपण मात्र नाव टाइप करतो. नावावरून आकडा शोधून देणारी एक यंत्रणा असते, तिला ‘डीएनएस’ म्हणतात. मुलांना सांगितलं, मोबाइलमध्ये आपण ‘आई’ हे नाव दाबतो आणि फोन नंबर शोधून लावतो. ती नंबरांची यादीच गायब झाली तर? नंबर पाठ असणाऱ्याचा फोन लागेल, नावावर विसंबणाऱ्याचा लागणार नाही.

लगेच करून पाहिलं. टॅबवरून आकडी पत्त्याला हाळी दिली, उत्तर आलं. नावाला हाळी दिली, उत्तर नाही. सापडलं! टॅबना राउटरकडून नावं शोधण्यासाठी जो पत्ता मिळत होता, तिथली यंत्रणा मधूनमधून बंद पडत होती. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्या मुलाने पूर्वीच दुसरा पत्ता घालून ठेवला होता, म्हणून तिथे सगळं नीट चालायचं.

मग पहिल्या दिवशी शेजारच्या मुलांच्या टॅबवर चाचणी कशी चालली? टॅब एकदा शोधलेला पत्ता काही काळ लक्षात ठेवतो. त्या मुलीच्या टॅबचं चार्जिंग संपलं होतं, म्हणून तो तिने नव्याने चालू केला होता. त्याला पत्ता पुन्हा विचारावा लागला आणि सांगणारं कोणी नव्हतं. तिने काहीही भलतं दाबलं नव्हतं.

चौथा प्रश्न: किती वेळा पाहिलं?

राखणदार मिनिटातून एकदाच पाहतो. मध्ये वीस सेकंद नेट गेलं आणि परत आलं तर त्याला पत्ताही लागत नाही. आणि टक्केवारी तर फारच फसवी! पाचवीला हे गणित जरूर द्या:

समजा शाळेच्या वेळेत ६० मिनिटं नेट बंद होतं. दिवसाची मिनिटं १४४०. नेट चालू १३८०, म्हणजे जवळपास ९६ टक्के. वा, छान! आता फक्त शाळेचे सहा तास धरा. ३६० पैकी ३०० मिनिटं, म्हणजे साधारण ८३ टक्के. दोन्ही गणितं बरोबर आहेत. पण रात्री दोन वाजता आपल्या शाळेत नेट वापरतं कोण?

खोडदच्या तबकड्या

हे चार प्रश्न आमच्या छोट्या शाळेपुरते नाहीत. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यातल्या १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आणि उरलेल्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. सगळ्यांचे संकेत फायबरने एका इमारतीत येतात. लांबच्या तबकडीचा संकेत उशिरा पोचतो, म्हणून तो उशीर हिशेबात धरूनच जुळणी करावी लागते. आमच्या ३५ मिनिटांसारखंच, फक्त कितीतरी बारीक मापात.

तिथे दोन-दोन तबकड्यांच्या जोड्या लावून संकेत ताडून पाहतात. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. एक तबकडी बिघडली तर ती ज्या २९ जोड्यांत आहे त्या सगळ्या गडबडतात, बाकीच्या ठीक राहतात. म्हणजे बिघडलेली तबकडी ओळखता येते. वर्गात सहा मुलं उभी करा. जोड्या होतील १५. एकाला गुपचूप ‘बिघडलेला’ ठरवा. तो असलेल्या पाच जोड्या चुकीचं उत्तर देतील. बाकीच्यांनी त्याला शोधून काढायचं. मुलांना हा खेळ फार आवडतो.

मोठ्या शास्त्रज्ञांवरही अशी वेळ येते. २०११ मध्ये युरोपातल्या ‘ऑपेरा’ प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा वेगाने आल्यासारखे दिसले. प्रयोग करणाऱ्यांनी ते जगापुढे ठेवलं आणि स्वतःच्या यंत्रणेची तपासणी चालू ठेवली. पुढच्या वर्षी कारण सापडलं. फायबरची एक जोडणी नीट बसलेली नव्हती आणि घड्याळाच्या भागातही दोष होता.

शेवटी

राउटरमधला पत्ता आम्ही बदलला. राखणदारालाही आता दोन कामं दिली आहेत: आकड्याला हाळी द्यायची आणि नावाने एक पान उघडूनही पाहायचं. आकडा हिरवा आणि नाव लाल दिसलं, की दुखणं कुठे आहे ते लगेच कळतं. घड्याळाची बॅटरीही बदलली.

आणि राहिलेलं एक काम सगळ्या वर्गासमोर केलं. त्या मुलीला म्हटलं, “तू बरोबर होतीस. मी न तपासता तुला बोलले, ते माझं चुकलं.” नोंदवहीतला तो शेरा खोडला आणि तिची चाचणी पुन्हा घेतली. नोंदीची वही आता तिच्याकडे असते.

पालकांनो, घरीही हे चार प्रश्न वापरता येतील. ॲपवर ‘हजर’ दिसतंय आणि मूल म्हणतंय “मी गेलोच नव्हतो”, घरच्या थर्मामीटरवर एक ताप आणि दवाखान्यात दुसरा, घरच्या काट्यावर एक वजन आणि दुकानात दुसरं. कोणालाही खोटं ठरवण्याआधी केव्हा, कुठून, काय आणि किती वेळा, एवढं विचारून पाहा. मुलाने “चालत नाही” असं सांगितलं, तर तीही एक नोंद आहे. ती वहीत लिहा.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय शोधलं ते जरूर कळवा.