ध्रुवीय अस्वल : शिकार थांबली, बर्फ मात्र विरघळतो आहे

‘आर्क्टिक’ या नावाचे मूळ ग्रीक भाषेतील ‘आर्क्टोस’ या शब्दात आहे. आर्क्टोस म्हणजे अस्वल. हे अस्वल आकाशातले. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्या तारकांमध्ये ग्रीकांना अस्वलाची आकृती दिसली आणि त्या तारकांच्या दिशेचा प्रदेश ‘अस्वलाचा प्रदेश’ ठरला. त्या प्रदेशात खरोखरच एक भव्य पांढरे अस्वल वावरते, हा केवळ योगायोग होय. ब्रिटिश नौदल अधिकारी कॉन्स्टंटाइन फिप्स यांनी १७७३ साली उत्तर ध्रुवाच्या दिशेने सफर केली आणि १७७४ मध्ये या प्राण्याचे स्वतंत्र जात म्हणून शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ‘उर्सस मॅरिटिमस’, म्हणजे सागरी अस्वल, हे त्याचे शास्त्रीय नाव अत्यंत समर्पक आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने या प्राण्याकडे लक्ष द्यावे, असे एक विशेष कारण आहे. माणसाने या अस्वलाला संकटात लोटले, मग कायदा करून सावरले. आणि आज तोच कायदा अपुरा पडत आहे. हे कसे घडले, ते समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

गोठलेला समुद्र हेच घर

ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन एकाच बर्फावर राहतात, असा समज मुलांमध्येच नव्हे तर मोठ्यांमध्येही आढळतो. वस्तुतः पेंग्विन दक्षिण गोलार्धातले आणि ध्रुवीय अस्वल उत्तरेतले. दक्षिणेकडील अंटार्क्टिका हा समुद्राने वेढलेला भूखंड आहे. आर्क्टिक हा भूप्रदेशांनी वेढलेला महासागर आहे. या महासागराचा पृष्ठभाग हिवाळ्यात गोठतो. हा समुद्री बर्फ मार्चच्या सुमारास सर्वाधिक पसरतो आणि सप्टेंबरमध्ये सर्वात कमी उरतो. कॅनडा, डेन्मार्कच्या राज्यातील ग्रीनलँड, नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह, रशिया आणि अमेरिकेतील अलास्का या भागांत ध्रुवीय अस्वले आढळतात.

प्रौढ नराचे वजन साधारणतः ३०० ते ६०० किलो असते. मादी त्याच्या निम्मी. पांढऱ्या दिसणाऱ्या केसांखाली कातडी काळी असते आणि कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. ही चरबी येते सीलच्या शिकारीतून. सील हा सस्तन प्राणी असल्याने त्याला श्वासासाठी वर यावेच लागते. बर्फात त्याने राखलेल्या भोकापाशी अस्वल निश्चल दबा धरून बसते, कधी तासन्‌तास. उघड्या पाण्यात पोहणारा सील सहसा त्याच्या हाती लागत नाही. म्हणजे शेतकऱ्याला जशी जमीन, तसा या अस्वलाला बर्फ. बर्फ नाही तर शिकार नाही.

गर्भवती मादी शरद ऋतूत हिमाच्या ढिगात गुहा पोखरून आत शिरते. ऐन हिवाळ्यात, बहुधा दोन पिल्ले जन्मतात. जन्मतः पिल्लाचे वजन अर्ध्या किलोहून थोडेसेच अधिक असते. मार्च-एप्रिलमध्ये गुहेबाहेर येईपर्यंत आई काहीही खात नाही. साठवलेल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि दूधही पाजते. पुढे जवळजवळ अडीच वर्षे पिल्ले तिच्यासोबत राहून शिकार शिकतात. चरबी पुरेशी साठली नाही तर पहिला फटका बसतो तो या पिल्लांना.

शीतयुद्धाच्या काळातील एक करार

आर्क्टिकच्या किनाऱ्यावरील इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या या अस्वलाची शिकार करीत आले. मांस अन्नासाठी आणि कातडे वस्त्रासाठी वापरले जाई. विसाव्या शतकात चित्र पालटले. अलास्कात हौशी शिकारी विमानातून अस्वलांचा माग काढू लागले. स्वालबार्डमध्ये आमिषाला बांधलेल्या, अस्वलाने ओढताच सुटणाऱ्या बंदुका लावल्या जात. कातड्यांचा बाजार वाढला आणि अस्वले घटू लागली.

सोव्हिएत संघाने १९५६ मध्येच शिकारबंदी जाहीर केली होती. १९६५ मध्ये अलास्कातील फेअरबँक्स येथे संबंधित पाचही देशांचे प्रतिनिधी प्रथमच एकत्र बसले. अखेर १५ नोव्हेंबर १९७३ रोजी ऑस्लो येथे कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांनी ध्रुवीय अस्वलांच्या संरक्षणाचा करार केला. अण्वस्त्रे रोखून एकमेकांसमोर उभ्या असलेल्या महासत्तांनी एका प्राण्यासाठी एकाच कागदावर सह्या कराव्यात, ही त्या काळातील लक्षणीय घटना होय.

कराराने विमाने व मोठ्या यांत्रिक नौकांच्या साह्याने होणारी शिकार निषिद्ध ठरवली. पण स्थानिक लोकांचा परंपरागत शिकारीचा हक्क मान्य केला. ज्यांनी शतकानुशतके मर्यादेत राहून उपजीविका केली, त्यांच्यावर इतरांच्या हव्यासाचे खापर फोडले गेले नाही. वन्यजीव-संरक्षणाच्या इतिहासात हा विवेक नेहमीच दिसतो असे नाही. करार १९७६ मध्ये अमलात आला आणि त्यानंतर अनेक ठिकाणी अस्वलांची संख्या सावरली.

बर्फाचा ताळेबंद

याच कराराने अस्वलांच्या अधिवासाचे रक्षण करण्याचे वचनही दिले होते. ते मात्र पाळता आलेले नाही. उपग्रहांद्वारे १९७९ पासून समुद्री बर्फाचे सलग मोजमाप होत आहे. सप्टेंबरमधील बर्फाचे क्षेत्र तेव्हापासून दर दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी घटत आले आहे; २०१२ मध्ये ते सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर इतक्या नीचांकावर आले. पांढरा बर्फ सूर्यप्रकाश परतवतो, तर गडद पाणी तो शोषते. त्यामुळे बर्फ विरघळला की पाणी अधिक तापते आणि आणखी बर्फ विरघळतो. गेल्या चार दशकांत आर्क्टिक उर्वरित जगापेक्षा कितीतरी वेगाने तापला, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर याचा परिणाम स्पष्ट दिसतो. तेथील बर्फ उन्हाळ्यात पूर्ण विरघळतो आणि अस्वले जमिनीवर येऊन पाणी पुन्हा गोठण्याची वाट पाहतात. ही उपासमारीची मुदत १९८० च्या दशकाच्या तुलनेत सुमारे तीन आठवड्यांनी वाढली आहे. १९८७ मध्ये तेथे जवळपास १,२०० अस्वले होती. २०२१ च्या गणनेत सुमारे ६१८ उरली. जमिनीवरील बोरे, अंडी यांवर ती निभावू शकतील काय? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील २० अस्वलांवर उन्हाळ्यात लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी १९ अस्वलांचे वजन घटले.

सर्वत्र स्थिती अशीच आहे, असे मात्र नाही. काही भागांत संख्या आज स्थिर आहे. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मूल्यांकनानुसार जगात सुमारे २६,००० ध्रुवीय अस्वले आहेत. तथापि त्याच मूल्यांकनात, बर्फ घटत राहिल्यामुळे, ही जात ‘असुरक्षित’ वर्गात ठेवली आहे.

आपला संबंध

हे सारे दूरच्या प्रदेशात घडत आहे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. स्वालबार्डविषयीच्या १९२० च्या पॅरिस करारात ब्रिटिश अमलाखालील भारताचाही समावेश होता. २००८ मध्ये स्वतंत्र भारताने स्वालबार्डमध्येच ‘हिमाद्री’ हे संशोधन-स्थानक उघडले. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र त्याची व्यवस्था पाहते. आर्क्टिकमधील बदलांचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध आहे, हा तेथील अभ्यासाचा एक विषय आहे. ज्या पावसावर आपली कोरडवाहू शेती अवलंबून आहे, त्याच्याशी निगडित असलेला हा प्रश्न आहे.

१९७३ मध्ये पाच सह्या पुरेशा ठरल्या, कारण बंदुका आवरणे त्या पाच देशांच्या हाती होते. कोळसा आणि खनिज तेल जाळणारे हात मात्र साऱ्या जगात आहेत. कोणाचे अधिक, कोणाचे कमी. ज्याचा वाटा मोठा त्याची जबाबदारीही मोठी, हे न्यायाचेच आहे. पण जबाबदारीतून पूर्णपणे सुटका कोणाचीच नाही. परस्परांवर अविश्वास असतानाही राष्ट्रे एकत्र येऊ शकतात, हे ऑस्लोने एकदा दाखवून दिले आहे. तेच धैर्य आता पाच नव्हे, सर्व राष्ट्रांना दाखवावे लागेल. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी हा करार आणि हा बर्फ, दोन्हींचा अभ्यास करावा. पुढील करारांच्या मसुद्यांवर त्यांच्या पिढीलाच काम करायचे आहे.