विंचू चावल्यास नाडी पाहा



ऊसतोडणीत पाचट ओढताना, बांधाचा दगड उचलताना किंवा तोडणी कामगारांच्या कोपीत अंथरुणावर विंचू चावतो, हे आपल्याला नवे नाही. पुष्कळदा रात्रभर ठणका लागतो आणि माणूस बरा होतो. पण लाल विंचवाचे विष भिनले तर रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येऊन ठोके बिघडतात आणि पुढे फुप्फुसात पाणी साचते. म्हणून वेदना किती, यावरून धोका ठरवू नये. नाडी पाहावी.

नाडी कशी पाहावी? रोग्याला निजवून मनगटावर अंगठ्याच्या बाजूस आपली तीन बोटे ठेवावीत. अंगठा ठेवू नये, त्यात आपलीच नाडी लागते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. मोठ्या माणसाचे स्वस्थ असताना ६० ते १०० असतात, लहान मुलांचे जास्त.

धोक्याची लक्षणे :
१) नाडी फार जलद, फार मंद किंवा ठोके चुकत चालणारी.
२) हातपाय गार आणि अंगाला दरदरून घाम.
३) उलट्या, तोंडाला लाळ.
४) धाप, खोकला, गुलाबी फेस. ही अखेरची सूचना समजावी.

यातले एकही लक्षण दिसले तर मंत्र, पाला, चिरा देणे यात वेळ दवडू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. रोग्याला चालवू नका. धाप असेल तर बसवून न्या. सुरुवातीला नाडी ठीक लागली तरी गाफील राहू नये, पुन्हा पुन्हा पाहावी. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटच पाहू नका.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी यावर गुणकारी ठरते, हे त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मांडले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी मात्र डॉक्टरांनीच द्यायची. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो.

ठाकुर्ली-कल्याणकडे राहणारी आपली मुले-नातवंडे सुट्टीत गावी येतात. चपला-बूट झटकूनच घालायचे, हे त्यांना सांगावे. मुकादमांनी हा लेख कोप्यांवर वाचून दाखवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी