आधी लॅपटॉपला विचार

चि. मृण्मयी हिस,


लॅपटॉपवरचं चित्र टीव्हीवर बिनतारी दिसत नाही म्हणून तू नवा लॅपटॉप घ्यायचं मनात आणलं आहेस आणि दुकानदारानेही तोच सल्ला दिला आहे. खरेदीला माझी हरकत नाही, न तपासता केलेल्या निदानाला आहे. 'याला सपोर्टच नाही' असं आपण फार चटकन म्हणून टाकतो. ते खरं की खोटं हे पडताळायची सोय त्याच लॅपटॉपमध्ये असते, तीही फुकट आणि दोन मिनिटांत उरकणारी. आधी यंत्राचा जबाब घे, मग पैसे काढ, एवढंच माझं म्हणणं आहे.

विंडोज लॅपटॉपमधून टीव्हीकडे चित्र जातं ते बहुतेक वेळा मिराकास्ट या पद्धतीने. वाय-फाय अलायन्स या संघटनेने २०१२ साली तिचं प्रमाणीकरण सुरू केलं. त्याआधी इंटेलची वायडाय ही स्वतःची पद्धत होती, पण तिला प्रोसेसरही इंटेलचाच लागे. पुढे २०१३ साली विंडोज ८.१ आलं आणि मिराकास्टची सोय विंडोजमध्येच झाली. यावरून लोक धरून चालतात की त्यानंतरच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये ते चालणारच. तसं होत नाही, कारण विंडोज तयार असलं तरी प्रत्यक्ष काम दोघांना करायचं असतं. ग्राफिक्सला पडद्यावरचं चित्र क्षणोक्षणी संकुचित करून व्हिडिओच्या रूपात द्यावं लागतं, आणि वाय-फाय कार्डाला एरवी राउटरशी बोलायची सवय असली तरी इथे थेट टीव्हीशी संधान बांधावं लागतं. दोघांपैकी एकाचाही ड्रायव्हर अपुरा असला की काम अडतं. टीव्हीशी जोडणी अशी थेट असल्यामुळेच घरातलं इंटरनेट बंद असलं तरी मिराकास्ट चालू शकतं, पण लॅपटॉपचं वाय-फाय बंद असलं तर नाही.

तू पुरावा म्हणून सेटिंग्जमधला जो संदेश दाखवतेस, तो मला ग्राह्य वाटत नाही. 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी' या पानावर 'हे उपकरण मिराकास्ट स्वीकारू शकत नाही' अशा अर्थाचं वाक्य येतं, ते दुसऱ्याचं चित्र आपल्या लॅपटॉपवर घेण्याविषयी आहे. तुला चित्र पाठवायचं आहे, घ्यायचं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचा निकाल लावता येत नाही. किती चांगले लॅपटॉप केवळ या पानाच्या भरवशावर नापास ठरत असतील!

योग्य प्रश्न असा विचार. स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करून कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघड. तिथे 'नेटश', म्हणजे एन-ई-टी-एस-एच, आणि पुढे 'डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' हे शब्द इंग्रजीत, मध्ये एकेक जागा सोडून लिही आणि एंटर दाब. बऱ्याच ओळी धावत येतील, त्यांतली शेवटाकडची 'वायरलेस डिस्प्ले सपोर्टेड' ही ओळ शोध. तिच्यापुढे 'येस' किंवा 'नो' असतं आणि लगेच कंसात ग्राफिक्स ड्रायव्हर आणि वाय-फाय ड्रायव्हर यांचं वेगवेगळं उत्तर. खरी मोलाची गोष्ट तो कंसच आहे, कारण दोष कुणाकडे आहे हे तो नावानिशी सांगतो. ग्राफिक्सपुढे 'नो' असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टरचं नाव बघ. विंडोज नव्याने टाकल्यावर तिथे कधीकधी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' हा कामचलाऊ ड्रायव्हर राहून जातो आणि त्यावर मिराकास्ट चालत नाही. अशा वेळी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घेतला की उत्तर बदलू शकतं. वाय-फायपुढे 'नो' असेल तरीही आधी ड्रायव्हरच नवा करून बघ. त्यानेही भागलं नाही तर कार्ड जुनं आहे असं समज, पण कार्ड जुनं म्हणजे अख्खा लॅपटॉप टाकाऊ असं होत नाही.

यावर तू म्हणशील, दोन्हीकडे 'येस' आलं आणि तरी टीव्ही दिसेना, तर मग या तपासाचा काय उपयोग? उपयोग हा की संशयाची जागा बदलते. 'येस' हे फक्त लॅपटॉपपुरतं उत्तर आहे, टीव्हीची बाजू अजून तपासायची राहिलेली असते. काही टीव्हींवर ही सोय स्क्रीन मिररिंग म्हणून असते, काहींवर स्क्रीन शेअर म्हणून, आणि पुष्कळदा ती आधी चालू करून ठेवावी लागते. ती चालू करून लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि के एकत्र दाब, टीव्हीचं नाव यायला हवं. काही टीव्हींत मात्र मिराकास्ट नसतं, गूगलचं कास्ट असतं. तिथे ही कळ कितीही दाबली तरी काही होणार नाही. दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर ठेवून क्रोम ब्राउझरमधून कास्ट करायचं. 'स्मार्ट टीव्ही' या नावावरून यातलं काहीच कळत नाही, त्या मॉडेलची माहितीपुस्तिकाच उघडावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एचडीएमआय केबल असताना हा खटाटोप कशाला? खेळ खेळायचे असतील किंवा रोज तासन्‌तास टीव्हीवरच काम करायचं असेल, तर केबलच घे असं मीही सांगेन. बिनतारी चित्र किंचित मागे राहतं, माउस हलवला की ते लगेच जाणवतं. शिवाय चित्रपटांच्या काही सेवांचं चित्र संरक्षित असतं आणि बिनतारी पाठवताना कधीकधी पडदा नुसता काळा दिसतो, तो लॅपटॉपचा दोष नव्हे. पण तुला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून स्लाइड दाखवायच्या आहेत, फोटो दाखवायचे आहेत. त्याला बिनतारी जोडणीच सोयीची. आणि केबल घ्यायची ठरलीच, तरी ती नव्या लॅपटॉपपेक्षा किती स्वस्त पडते ते बघ. दुकानदाराचा सल्ला मी खोटा म्हणत नाही. मात्र त्याने 'वायरलेस डिस्प्ले सपोर्टेड' ही ओळ पाहिली होती का, एवढं त्याला विचारायचा तुझा हक्क आहे.

आज संध्याकाळीच ती कमांड चालव आणि कंसातली दोन्ही उत्तरं आहेत तशी मला कळव. सोबत टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबरही पाठव. तोवर दुकानात आगाऊ रक्कम भरू नकोस.

तुझा,
मामा