घटक 5 : दुय्यम पात्राची स्वतःची कथा आणि तिला लागणारा विलंब ('मृत्युंजय' ते 'युगंधर')

5.0 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी साध्य होतील :
• कादंबरीतील मुख्य पात्र आणि दुय्यम पात्र यांतील फरक निवेदनाच्या आधारे सांगता येईल.
• एका कादंबरीतील दुय्यम पात्र त्याच लेखकाच्या दुसऱ्या कादंबरीत नायक होते, तेव्हा कोणत्या अडचणी येतात हे स्पष्ट करता येईल.
• 'मृत्युंजय' आणि 'युगंधर' या कादंबऱ्यांच्या निवेदनरचनेची तुलना करता येईल.
• लेखनातील विलंबाबद्दल बोलताना चरित्रात्मक तर्क आणि संहितेतील पुरावा यांत भेद करता येईल.

5.1 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कादंबरीतील निवेदकाचे प्रकार पाहिले. या घटकाचा विषय एका प्रश्नातून सुचला. पाटण येथील एका संपर्कसत्रात 'मृत्युंजय'वर चर्चा सुरू होती. नोकरी आणि घर सांभाळून पदवीचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, 'मृत्युंजय'च्या शेवटी कृष्ण स्वतः बोलतो. त्याने तिथे सांगितलेच आहे, तर मग त्याच लेखकाने पुन्हा 'युगंधर' का लिहिली? आणि लिहायचीच होती, तर इतकी वर्षे का थांबले?"

या प्रश्नाला त्या दिवशी मी दिलेले उत्तर घाईचे होते. लेखक इतर लेखनात गुंतले होते, एवढेच मी सांगितले. ते खोटे नव्हते, परंतु अपुरे होते. विद्यार्थिनीच्या प्रश्नात दोन प्रश्न होते : पहिला 'सांगणे' या क्रियेविषयीचा आणि दुसरा विलंबाविषयीचा. पहिल्याचे उत्तर मिळाल्याखेरीज दुसऱ्याचे मिळत नाही. या घटकात आपण त्याच क्रमाने जाणार आहोत.

5.2 विषय विवेचन

5.2.1 दुय्यम पात्र कोणास म्हणावे?

सामान्यतः ज्याच्याभोवती कथानक फिरते ते मुख्य पात्र आणि त्याला साहाय्य वा विरोध करणारी ती दुय्यम पात्रे, अशी व्याख्या केली जाते. ही व्याख्या उपयुक्त असली तरी पुरेशी नाही. पात्राचे दुय्यमत्व त्याच्या थोरवीवर ठरत नाही. महाभारतात कृष्णाचे स्थान सर्वोच्च मानले गेले आहे. तरीही कर्णाच्या कथेत तो दुय्यम पात्रच असतो. कारण तेथे त्याच्या आयुष्यातील तेवढाच भाग येतो, जेवढा कर्णाच्या आयुष्याला स्पर्श करतो. म्हणून आपण अशी व्याख्या स्वीकारू : ज्याच्या आयुष्यातील घटनांची निवड दुसऱ्या पात्राच्या गरजेनुसार केली जाते, ते दुय्यम पात्र.

या अर्थाने स्वतः कर्णही शतकानुशतके दुय्यम पात्रच होता. पांडव-कौरवांच्या कथेत त्याला जेवढे स्थान हवे तेवढे मिळाले. त्याला केंद्रस्थानी आणणाऱ्या दोन महत्त्वाच्या मराठी कादंबऱ्या, शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (1967) आणि रणजित देसाई यांची 'राधेय' (1973), सहा वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झाल्या.

5.2.2 'मृत्युंजय'मधील कृष्ण : दुसऱ्याच्या कथेतील 'मी'

शिवाजी सावंत यांचा जन्म 1940 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा येथे झाला. 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे वय सत्ताविशीच्या आसपास होते. या कादंबरीचे नऊ भाग असून सर्व भाग प्रथमपुरुषी निवेदनात आहेत. त्यांपैकी चार भाग कर्णाचे आहेत. उरलेल्या पाच भागांत कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण हे निवेदक आहेत. शेवटचा भाग कृष्णाचा आहे.

हा शेवट कृष्णाकडेच का जावा? प्रथमपुरुषी निवेदनाची एक मर्यादा येथे लक्षात घ्यावी. 'मी' म्हणणारा निवेदक स्वतःच्या मृत्यूचे आणि त्यानंतरचे निवेदन करू शकत नाही. कर्णाची कथा पूर्ण करण्यासाठी जिवंत साक्षीदार हवा होता, आणि तो कर्णाचे जन्मरहस्य जाणणारा हवा होता. महाभारतात शिष्टाई फसल्यानंतर कृष्णच कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो. रथाचे चाक रुतल्यावर अर्जुनाला बाण सोडण्यास प्रवृत्त करणाराही तोच. जवळून पाहणारा, सत्य जाणणारा आणि विरुद्ध पक्षात उभा असलेला असा दुसरा साक्षीदार नाही.

म्हणजेच 'मृत्युंजय'मध्ये कृष्णाला 'मी' हे सर्वनाम मिळाले, पण स्वतःची कथा मिळाली नाही. त्याला साक्ष देण्यासाठी बोलावले गेले. साक्षीदाराला जे विचारले जाते तेवढेच तो सांगतो. त्याच्या घरी काय चालले आहे हे न्यायालय विचारत नाही. विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते : 'मी' म्हणून बोलणे आणि स्वतःची कथा सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मराठी भाषेचे एक वैशिष्ट्यही येथे पाहू. पुढील चार वाक्ये वाचा :
(अ) तो रागावला.
(आ) मी रागावलो.
(इ) तो रागावला असावा. त्याच्या आवळलेल्या मुठी मी पाहिल्या.
(ई) तो म्हणे फार रागावला होता.

(अ) मधील निवेदक दुसऱ्याच्या मनातले खात्रीने सांगतो. (आ) मध्ये अनुभव घेणाराच बोलतो. (इ) मध्ये पाहणारा अनुमान करतो. 'असावा' हे रूप त्याची खूण आहे. (ई) मध्ये ऐकीव माहिती आहे. 'म्हणे' या एका शब्दाने निवेदकाने तिची जबाबदारी दुसऱ्यावर टाकली आहे. शिवाय 'मी रागावलो' आणि 'मी रागावले' या रूपांतून बोलणारा पुरुष की स्त्री हेही मराठी वाचकाला तत्काळ कळते. अनेक निवेदकांची कादंबरी वाचताना या खुणांवर लक्ष ठेवावे. निवेदक कोठे खात्रीने बोलतो आणि कोठे अनुमानाने, यावरून तो कोणाची कथा सांगत आहे हे ओळखता येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – 1
1. 'मृत्युंजय'मध्ये कर्णाखेरीज किती निवेदक आहेत?
2. प्रथमपुरुषी निवेदनाची कोणती मर्यादा या कादंबरीच्या शेवटी दिसते?
3. 'म्हणे' या शब्दाने निवेदनात काय सूचित होते?

5.2.3 विलंबाचे स्वरूप : संहितेत दिसणाऱ्या चार अडचणी

'मृत्युंजय' 1967 मध्ये आली, 'छावा' ही छत्रपती संभाजी महाराजांवरील कादंबरी 1979 मध्ये, आणि 'युगंधर' 2000 मध्ये. कृष्णाच्या पहिल्या निवेदनापासून त्याच्या स्वतःच्या कादंबरीपर्यंत 33 वर्षे गेली. लेखकाच्या मनात या काळात नेमके काय चालले होते, हे आपण तर्काने ठरवू नये. व्यवसाय, प्रकृती, प्रवास, इतर लेखन ही चरित्रात्मक कारणे असतातच. परंतु साहित्याचा अभ्यासक म्हणून आपला अधिकार संहितेपुरता आहे. संहितेकडे पाहिले असता पुढील अडचणी दिसतात.

पहिली अडचण साधनांची. महाभारतात कृष्णाचा प्रत्यक्ष प्रवेश द्रौपदीस्वयंवराच्या प्रसंगी, प्रौढपणी होतो. गोकुळातील बालपण हरिवंशात आणि भागवताच्या दशम स्कंधात आहे. गोकुळातला गुराखी, द्वारकेचा राजकारणी आणि कुरुक्षेत्रावरील सारथी यांच्या कथा वेगवेगळ्या ग्रंथांतून, वेगवेगळ्या हेतूंनी सांगितल्या गेल्या. त्यांतून एकच सलग माणूस उभा करणे हे कर्णाची कथा रचण्यापेक्षा अवघड काम आहे.

दुसरी अडचण वाचकाच्या मनातील प्रतिमेची. कर्णाविषयी वाचकाला सहानुभूती असते; कृष्णाविषयी भक्ती असते. महानुभाव वाङ्मयापासून एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'पर्यंत मराठी परंपरेने कृष्णकथा वारंवार सांगितली आहे. पंढरीच्या विठ्ठलात मराठी माणूस कृष्णच पाहतो. अशा देवाला माणूस म्हणून चितारायचे, चमत्कारांचे कवच दूर करायचे आणि तरीही भाविक वाचकाचा अवमान होऊ द्यायचा नाही, ही कसरत आहे.

तिसरी अडचण ज्ञानाची. कादंबरीचा नायक चुकतो, गोंधळतो, उशिरा शिकतो. त्यामुळे वाचक त्याच्यासोबत चालतो. कर्णाला स्वतःचा जन्म ठाऊक नाही, यावरच 'मृत्युंजय'चे नाट्य उभे आहे. कृष्णाला मात्र सर्व ठाऊक असते, अशी परंपरेची धारणा आहे. सर्व जाणणारे पात्र उत्तम साक्षीदार होते; नायक म्हणून ते अवघड असते, कारण त्याला काही शोधायचे उरत नाही.

चौथी अडचण लेखकाच्या स्वतःच्या आधीच्या पुस्तकाची. 1967 मध्ये सत्ताविशीतील लेखकाने कृष्णाला एक आवाज दिला. हजारो वाचकांनी तो ऐकला. साठीच्या उंबरठ्यावरील त्याच लेखकाला नवा आवाज घडवताना जुना आवाज पूर्ण नाकारता येत नाही आणि तसाच पुढे चालवताही येत नाही. दुसऱ्या लेखकाचे पात्र घेणाऱ्याला एवढे बंधन नसते.

5.2.4 'युगंधर'ने शोधलेला मार्ग

'युगंधर'मध्ये सात निवेदक आहेत : श्रीकृष्ण, रुक्मिणी, दारुक, द्रौपदी, अर्जुन, सात्यकी आणि उद्धव. या यादीकडे थोडे थांबून पाहा. कादंबरी कृष्णाची असूनही सातपैकी सहा आवाज इतरांचे आहेत. 'मृत्युंजय'मध्ये नऊपैकी चार भाग नायकाकडे होते. येथे नायकाचा वाटा कमी झाला आहे.

वरील तिसऱ्या अडचणीचे उत्तर या रचनेत सापडते. सर्व जाणणारा नायक स्वतःविषयी फार बोलू लागला तर एक तर तो आत्मस्तुती करील किंवा उपदेश. म्हणून त्याला जाणून घेण्याचे काम इतरांवर सोपवले आहे. पत्नी, सारथी, सखी, सखा, सहकारी योद्धा आणि भक्त-बंधू हे प्रत्येक जण त्याला अर्धवट जाणतात. शोधण्याचे नाट्य नायकाकडून निवेदकांकडे सरकले आहे.

दारुकाची निवड विशेष लक्षणीय आहे. कुरुक्षेत्रावर कृष्ण अर्जुनाचा सारथी होता. पण कृष्णाचाही एक सारथी होता, याची आठवण सामान्य वाचकाला क्वचितच असते. दुय्यम पात्राला स्वतःची कथा मिळाली, की त्याच्यामागे उभे असलेले आणखी दुय्यम पात्र दिसू लागते. दारुकाला येथे 'मी' मिळाला, पण कथा कृष्णाचीच राहिली. 1967 मध्ये कृष्ण ज्या जागी होता, त्या जागी आता दारुक आहे.

अखेरचे निवेदन उद्धवाकडे आहे. दोन्ही कादंबऱ्यांचा शेवट नायकाच्या नव्हे, त्याच्यामागे उरलेल्याच्या आवाजात होतो, हे साम्य ध्यानात ठेवावे. 'युगंधर'नंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर 2002 मध्ये, सावंत यांचे निधन झाले.

स्वयं-अध्ययन प्रश्न – 2
1. 'मृत्युंजय' आणि 'युगंधर' यांच्या प्रकाशनात किती वर्षांचे अंतर आहे?
2. 'युगंधर'मधील कृष्णेतर निवेदकांची नावे सांगा.

5.2.5 तुलनेसाठी काही उदाहरणे

सातारा जिल्ह्यात जन्मलेले ना. सं. इनामदार यांनी 'झेप' (1963) मध्ये त्रिंबकजी डेंगळे यांना नायक केले. त्या कथेत दुसरा बाजीराव हा अटळपणे येणारा, पण दुय्यम पुरुष. पुढे 'मंत्रावेगळा' (1969) मध्ये त्यांनी बाजीरावालाच केंद्रस्थानी आणले. येथे अंतर सहा वर्षांचे आहे. इतिहासाने ज्याच्यावर ठपका ठेवला त्याची बाजू मांडायची असल्याने येथील अडचण भक्तीची नसून पूर्वग्रहाची होती.

सांगली ही वि. स. खांडेकर यांची जन्मभूमी. त्यांच्या 'ययाति' (1959) मध्ये ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तीन निवेदक आहेत. कचाला मात्र निवेदन नाही. कादंबरीची नैतिक बाजू ज्याच्यावर तोललेली आहे तोच 'मी' म्हणून बोलत नाही. प्रत्येक दुय्यम पात्राला स्वतःची कथा मिळतेच असे नाही, आणि मिळालीच पाहिजे असेही नाही.

इंग्रजीत जीन ऱ्हीस यांनी 'वाइड सारगासो सी' (1966) मध्ये शार्लट ब्राँटी यांच्या 'जेन एअर' (1847) मधील माळ्यावर कोंडलेल्या पत्नीची कथा लिहिली. येथे विलंब 119 वर्षांचा आहे आणि लेखिकाही वेगळी आहे.

5.3 सारांश

पात्राचे दुय्यमत्व त्याच्या मोठेपणावर नव्हे, तर त्याच्या आयुष्यातील घटना कोणाच्या गरजेनुसार निवडल्या जातात यावर ठरते. 'मृत्युंजय'मधील कृष्ण 'मी' म्हणतो, पण साक्षीदार म्हणून. त्याची स्वतःची कथा लिहिण्यात साधने, वाचकाची प्रतिमा, पात्राचे सर्वज्ञत्व आणि लेखकाचे पूर्वलेखन अशा चार अडचणी दिसतात. 'युगंधर'ने अनेक निवेदकांच्या योजनेतून त्यांवर मार्ग काढला. म्हणून लेखनातील विलंब पाहताना केवळ 'उशीर का झाला' असे न विचारता 'काय सुटल्याशिवाय ही कथा लिहिता आली नसती' असे विचारावे.

5.4 पारिभाषिक शब्द

निवेदक : कथा सांगणारा, तो लेखकाहून भिन्न असतो.
प्रथमपुरुषी निवेदन : 'मी' या भूमिकेतून केलेले कथन.
संहिता : अभ्यासासाठी समोर असलेला लिखित मजकूर.

5.5 स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – 1 : (1) पाच. (2) निवेदक स्वतःच्या मृत्यूचे निवेदन करू शकत नाही. (3) माहिती ऐकीव आहे व निवेदक तिची जबाबदारी घेत नाही.
प्रश्न – 2 : (1) 33 वर्षे. (2) रुक्मिणी, दारुक, द्रौपदी, अर्जुन, सात्यकी, उद्धव.

5.6 सरावासाठी स्वाध्याय

1. 'मी म्हणून बोलणे आणि स्वतःची कथा सांगणे या भिन्न गोष्टी आहेत.' 'मृत्युंजय'च्या आधारे चर्चा करा.
2. 'युगंधर'मधील दारुकाच्या निवेदनातील एक प्रसंग निवडा. त्यात पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानलेले कोणते, ते क्रियापदांच्या रूपांवरून दाखवा.

5.7 क्षेत्रीय कार्य

'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, पाटण तालुक्यात कोयनानगर परिसराला भूकंपाचा मोठा धक्का बसला. या भागातील अनेक घरांत त्या पहाटेची एक ठरलेली गोष्ट आहे. बहुधा ती घरातील कर्त्या पुरुषाच्या तोंडी असते आणि तिच्यात 'मग तुझ्या आजीने पोरांना बाहेर काढले' असे एखादे वाक्य असते. त्या एका वाक्यापलीकडे आजीला कोणी काही विचारलेले नसते.

तुमच्या घरातील किंवा गावातील अशी एखादी ठरलेली गोष्ट निवडा. ती भूकंपाचीच असावी असे नाही. तिच्यातील दुय्यम व्यक्तीला भेटून तोच प्रसंग तिच्या तोंडून ऐका आणि तिच्याच शब्दांत दोन पृष्ठे लिहा. दोन्ही कथनांत कोणत्या घटना वाढल्या आणि कोणत्या गळाल्या, याची नोंद करा. ती व्यक्ती 'मला काय ठाऊक, तेच सांगतील' असे म्हणाली, तर तेही लिहून ठेवा. घाई न करता पुन्हा एकदा जा. मात्र हे काम परीक्षेनंतरसाठी ठेवू नका. कादंबरीकाराचे पात्र 33 वर्षे थांबू शकते. 1967 ची पहाट आठवणारी माणसे आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत.